उसन्या तारप्याची भिंत

अहिल्यानगर जिल्ह्यात शाळेचे कुंपण असो, हॉटेलची भिंत असो की मंगल कार्यालय, तारपा या वाद्याभोवती फेर धरलेले चित्रातले वारली हमखास भेटतात. वास्तविक वारल्यांचा मुलूख डहाणू-तलासरीकडचा. नगरच्या अकोले तालुक्यात डोंगर आहेत, पण तिथली आदिवासी वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकरांची. ‘आपली लोककला’ म्हणून रंगवलेली ही भिंत उसनी आहे.

उसनवारीला हरकत नाही, प्रश्न नेमके काय उचलले याचा आहे. गुजरातेतले उदाहरण घ्या: १९६०च्या दशकात चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी कॅमेरा घेऊन खेड्यातल्या भिंती आणि रांगोळ्या टिपायला सुरुवात केली. त्याच सुमारास माधवी पारेख चित्रे काढू लागल्या. अहमदाबादजवळच्या संजाया गावात वाढलेल्या माधवीबाईंनी कलाशाळा पाहिली नव्हती, हात रांगोळीवर बसलेला होता. त्यांच्या कॅनव्हासवर मधोमध एक ठसठशीत आकृती असते, भोवती लहानसहान जीव, कडेला चौकट आणि मोकळ्या जागेत ठिपके-रेघोट्या. नक्षी त्यांच्या मनातली. जागा भरण्याची रीत मात्र अंगणातली.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचेही तसेच. वारल्यांत लग्नाचा चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने तो लिहायचा. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि म्हसे यांनी विधीबाहेरचे जग त्याच रेषेत आणले: मासेमारीचे जाळे, शेत, मुंग्यांची रांग. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मागून आलेल्या भिंतरंगाऱ्यांनी त्रिकोणी माणसे तेवढी उचलली; रेषेतली हालचाल मागेच राहिली. छापा मारल्यासारखी ती माणसे एकाच जागी नाचत आहेत.

आपल्या दारात काय आहे? चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत सारवलेल्या अंगणात पाळण्यातली गौर, तुळशीवृंदावन, गोपद्मे, नाग, कासव, चंद्र-सूर्य, शंख-चक्र रांगोळीने मांडायचे. एकाच चौकटीत इतकी चिन्हे एकमेकांना न ढकलता बसवणे म्हणजे रचनेचा उत्तम धडा. अंगठा आणि तर्जनीतून सुटणारी रेघ जाड-बारीक होते, थरथरते. तीच काढणारीची सही. आता अंगणात फरशी आली, बाजारात छापे आणि स्टिकर आले, रेघ एकसारखी झाली.

दोष स्टिकरला देऊन भागणार नाही. गुजरातेतल्या रांगोळीला छायाचित्रकार लाभला आणि चित्रकारही. चैत्रांगण आपण व्रतवैकल्यांच्या पुस्तकात ठेवून दिले. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या संकल्पचित्रासाठी मुले भौमितिक आकार घोटतात. त्यांना कधीतरी आजीसमोर वही घेऊन बसवावे, तिच्या चौकटीत गौरीशेजारी कासव का आणि कसे बसते ते काढायला लावावे. पुढे त्यांनी तिथे ऊसतोडीची बैलगाडी काढली तरी चालेल. चिन्हे बदलली म्हणून परंपरा बुडत नाही. मांडणीची समज गेली की फक्त सजावट उरते.