टॉवेल कोण टाकणार?

रायन कूगलरच्या 'क्रीड'मध्ये (२०१५) सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. अडोनिस घरातल्या भिंतीवर प्रोजेक्टरने यूट्यूबवरचा एक जुना सामना लावतो. त्यात त्याने कधीच न पाहिलेले वडील, अपोलो क्रीड, रॉकी बाल्बोआशी लढताहेत. बघता बघता तो उठतो आणि भिंतीसमोर हवेत ठोसे मारायला लागतो. मला वाटलं, तो वडिलांच्या हालचाली गिरवेल. तो गिरवतो रॉकीच्या. म्हणजे ठोसे बसताहेत ते वडिलांच्या तोंडावर.

या मुलाचा राग नेमका कशाबद्दल आहे, हे कूगलर एवढ्यातच सांगून टाकतो. अडोनिस हा अपोलोचा विवाहबाह्य संबंधातला मुलगा. वडील तो जन्मायच्या आधीच गेले, पुढे आईही गेली. आपल्याला तो पहिल्यांदा दिसतो तो १९९८ साली, लॉस एंजेलिसच्या बालसुधारगृहात, मारामारी करताना. अपोलोची बायको मेरी ॲन त्याला घरी आणते, वाढवते. पुढे चांगली नोकरी, बढतीसुद्धा. ती सोडून तो फिलाडेल्फियाला रॉकीकडे जातो.

गुरू म्हणून रॉकी विचित्रच निवड. तो वडिलांचा आधी प्रतिस्पर्धी आणि मग मित्र. शिवाय 'रॉकी ४'मध्ये (१९८५) अपोलो रिंगमध्ये मेला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात रॉकीच होता. आपला बॉक्सर आता आणखी मार खाऊ शकत नाही असं वाटलं, की कोपऱ्यातल्या माणसाने टॉवेल टाकायचा. सामना तिथे संपतो. अपोलोने थांबवू नकोस म्हणून बजावलं होतं. रॉकीने टॉवेल टाकला नाही.

सिल्व्हेस्टर स्टॅलोन हा सगळा भार कमी बोलून दाखवतो. रॉकी व्यायाम कागदावर लिहून देतो, अडोनिस त्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि कागद परत करतो. फोन हरवला तर? फोटो क्लाउडवर आहे की! रॉकी आभाळाकडे बघतो. विनोद साधाच, पण दोघांमधलं अंतर त्यात नीट कळतं. पुढे रॉकीला कर्करोग होतो, तेव्हा नातं उलटं फिरतं. बायकोने सोसलेले उपचार आठवून तो केमोथेरपी नाकारतो. तू लढलास तर मी लढतो, असा सौदा मुलगा करतो आणि हॉस्पिटलच्या जिन्यांवर सराव सुरू होतो.

माझी तक्रार शेवटच्या सामन्याबद्दल आहे. लिव्हरपूलमध्ये कॉनलनविरुद्ध शेवटच्या फेरीआधी अडोनिसचा डोळा सुजून बंद झालाय. रॉकी सामना थांबवायला निघतो. दोन तास ज्या प्रश्नाकडे सिनेमा चालला होता, तो हाच. अडोनिस म्हणतो, मी म्हणजे कोणाची चूक नाही, हे मला सिद्ध करायचंय. रॉकी विरघळतो. मीही विरघळलो, दोन्ही वेळा.

पण घरी जाताना खटकत राहिलं. अपोलोनेही थांबवू नकोस असंच म्हटलं होतं. मुलगा वाचला, म्हणून रॉकीचा निर्णय बरोबर वाटतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात न तपासता टाकलेला बदल कधी कधी नीट चालतो. म्हणून तो टाकणं शहाणपणाचं होतं असं कोणी म्हणत नाही. अडोनिसला हरवण्याचं धाडस कूगलरने केलं. कॉनलन गुणांवर जिंकतो, तोही पंचांच्या दुमतानंतर. पण टॉवेल टाकणारा गुरू दाखवण्याचं धाडस त्याला झालं नाही. तसं झालं असतं तर 'चूक' ठरण्याची भीती जिंकून नाही, कोणीतरी आपला जीव मोलाचा मानला म्हणून गेली असती.

आणि तरी शेवटचं दृश्य आहेच. संग्रहालयाच्या त्याच प्रसिद्ध पायऱ्या. रॉकीला धाप लागते. अडोनिस त्याला धरून एकेक पायरी वर नेतो, तो थांबला की थांबतो. थांबणं कधी, हे दोघांपैकी एकाला तरी कळलंय.