‘गैरवापर’ नेमका कोणाचा? दिवाळखोरी कायदा वाचताना

दिवाळखोरी कायद्यावर संशोधन करायचं मनात असेल, तर आधी ‘गैरवापर’ या शब्दाची व्याख्या लिहून काढा. प्रयोगशाळेत काय मोजायचं ते आधी ठरवतो ना, तसंच. कारण हा शब्द प्रत्येक कायद्यात वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतो.

अमेरिकेच्या २००५ च्या कायद्याच्या नावातच ‘गैरवापराला प्रतिबंध’ आणि ‘ग्राहक संरक्षण’ दोन्ही आहे. पण संशय आहे तो कर्जदारावर. त्याचं उत्पन्न राज्याच्या मध्यक उत्पन्नापेक्षा जास्त असेल, तर त्याची आणखी छाननी. आपल्याकडे १८७५ च्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात संशय सावकारावर होता. खतावर लिहिलेली रक्कम तशीच मान्य न करता कोर्टाला व्यवहाराचा सगळा इतिहास तपासता येई. (तो पुणे, सातारा, सोलापूर, नगरसाठी होता. नाशिक त्यात नव्हतं.)

आता २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता घ्या. हिच्यात गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. कल्पना चांगली, पण कलम ८० मधल्या अटी वाचा. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत, आणि राहतं घर स्वतःच्या मालकीचं नको. मग ते गहाण असलं तरी नको! कळवण तालुक्यातल्या पाड्यावर ज्याचं दोन खोल्यांचं कुडाचं घर आहे, तो इथेच बाद. तुम्ही नमुना निवडायला असे निकष लावलेत, तर मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतील की यात उरतं कोण?

आणि ज्याला हे सगळे निकष लागू पडतात, त्यालाही उपयोग नाही. व्यक्तींसाठीचा हा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. ‘नवी सुरुवात’ कागदावरच आहे. मंजूर झालेला कायदा आणि लागू झालेला कायदा यात फरक असतो. प्रस्ताव लिहिताना अधिसूचना शोधाच.

गैरवापर रोखण्याच्या नावाखाली लावलेली दुसरी चाळणी बघा. घर घेणाऱ्यांना २०१८ मध्ये वित्तीय धनको मानलं, आणि दोनच वर्षांत अट आली की एकाच प्रकल्पातले किमान १०० किंवा १० टक्के, जे कमी असेल तेवढे ग्राहक एकत्र हवेत. मार्च २०२० मध्ये कंपनीविरुद्ध अर्ज करायची किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटीवर नेली. ती कोविडची सोय होती, ठीक आहे. पण कांद्याचे ४० लाख एखाद्या कंपनीकडे अडकलेल्या कळवणच्या व्यापाऱ्याला न्यायाधिकरणाचं दार बंद झालं, हा परिणाम मोजणार कोण?

कळवणच्या सामान्य कर्जदाराला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. त्यात अर्जासाठी किमान कर्ज ५०० रुपये धरलेलं आहे.