आद्याक्षरांतील पाटणकर : नामनोंदीची एक दाक्षिणात्य अडचण

मराठी संशोधनग्रंथांच्या सूचीत व्यक्तिनामाची नोंद आडनावापासून करण्याचा प्रघात आहे. ‘राजवाडे, वि. का.’ ही नोंद निर्दोष ठरते. कारण विश्वनाथ काशिनाथ राजवाडे या क्रमात स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि आडनाव यांची स्थाने निश्चित आहेत. हा नियम कावेरीकाठी नेला की त्याचा आधार सुटतो.

कुंभकोणमनजीक गोविंदपुरम् येथे बोधेंद्र सरस्वतींचे अधिष्ठान आहे. सतराव्या शतकातील हे आचार्य कांची कामकोटी पीठाचे. त्यांची नोंद ‘सरस्वती, बोधेंद्र’ अशी केल्यास संन्यासनामाचे आडनाव होते. शिवाय या पीठाचा योगपट्ट ‘इंद्रसरस्वती’ असल्याने स्वल्पविराम नेमका एका समासावर घाव घालतो. संन्याशाला पूर्वाश्रमीचे कुलनाम उरत नाही. सूचीकाराने त्याला नवे बहाल करू नये.

गृहस्थांची नावे अधिक गुंतागुंतीची आहेत. कुंभकोणमच्या महाविद्यालयात 1880 ते 1903 या काळात तमिळ शिकविणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या नावातील ‘उ.’ म्हणजे उत्तमदानपुरम् हे गाव आणि ‘वे.’ म्हणजे वेंकटसुब्बय्यर हे वडील. गाव, पिता, मग स्वतःचे नाव असा हा क्रम आहे. ‘अय्यर’ ही जातिवाचक उपाधी. तेव्हा नोंद ‘स्वामिनाथ अय्यर, उ. वे.’ अशीच हवी. तुलनाकारांच्या नित्य परिचयाचे ए. के. रामानुजन हेही याच न्यायाने ‘रामानुजन’खाली येतात, आणि तेथे मात्र कोणी चुकत नाही, मागे उपाधी नाही, एवढेच त्याचे कारण.

तंजावरच्या मराठी मंडळींत या दोन्ही रीती एकमेकींत मिसळल्या. कुंभकोणम येथे 1828 मध्ये जन्मलेले, त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचे ‘टी.’ म्हणजे तंजावर, तेही इंग्रजी वर्णाने. मराठी वळणाने ते ‘तं.’ झाले असते, त्र्यं. शं. शेजवलकरांच्या नावात ‘त्र्यं.’ हे अख्खे अक्षर टिकते, तसे. इंग्रजी साधनांत ‘माधव’ व ‘राव’ तोडून छापले जातात आणि तेथून मराठीत ‘राव, टी. माधव’ अशी नोंद उतरते. ‘राव’ हा आदरार्थी प्रत्यय आहे, हे मराठी अभ्यासकाला परक्या साधनावरून विसरावे लागावे, हे नवलच.

म्हैसूरचे दिवाण व्ही. पी. माधवराव (1850–1934) यांचे उदाहरण सर्वांत बोलके. तेही कुंभकोणमचेच. त्यांचे पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. येथे महाराष्ट्रातील आडनाव टिकले आहे, पण तमिळ क्रमाने ते स्वतःच्या नावाआधी जाऊन एका ‘पी.’मध्ये दडले आहे. दक्षिणेतील मराठी कुळांचा शोध आडनावांवरून घेणाऱ्यास ही व्यक्ती सापडणारच नाही. म्हणून त्यांची नोंद ‘पाटणकर’खाली हलविणेही योग्य नव्हे, त्या नावाने ते वावरले नाहीत. मुख्य नोंद ‘माधवराव, व्ही. पी.’ अशी ठेवून, ‘पाटणकर’खाली ‘पहा : माधवराव’ एवढा निर्देश द्यावा.