'मतं खाल्ली' म्हणजे नेमकं काय?

निकाल लागला की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अमक्यानं मतं खाल्ली." वर्तमानपत्रंही तेच छापतात. आम्हांला या वाक्याची थोडी उलटतपासणी करायची आहे. खाल्ली म्हणजे ती आधी कुणाच्या तरी ताटात होती, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. वाढली होती कुणी?

आपल्याच सोलापूरचं बघा. मोहोळ याच लोकसभा मतदारसंघात येतं. २०१९ साली भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुशीलकुमार शिंदे यांच्यापेक्षा सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी पुढे राहिले. तिसऱ्या क्रमांकावरच्या प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मतं. झालं, हिशेब जुळला म्हणाले लोक! पण तो नीट मांडा की. आंबेडकर उभे नसते आणि त्यांचे काही मतदार घरी बसले असते असं धरलं, तरी शंभरातल्या किमान त्र्याण्णवांनी काँग्रेसलाच मत द्यायला हवं होतं. इतकी खात्री आपण स्वतःच्या पोराच्या मताचीही देत नाही. वंचित आघाडी काही फुटकळ पक्ष नव्हे. तरीसुद्धा अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि ती मिळाली नाहीत. एप्रिलच्या उन्हात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं मत देतात, आणि कायद्याच्या लेखी त्यांचा उमेदवार अनामत जप्त झालेला!

आता दुसरी गोष्ट. २०२४ ला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. तिथं 'ट्रम्पेट' चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. 'तुतारी वाजवणारा माणूस' शोधताना लोकांची गफलत झाली, अशी शरद पवारांच्या पक्षाची तक्रार होती. यालाही टीकाकार 'मतं खाल्ली' हेच म्हणतात, आणि इथंच आमचा त्यांच्याशी वाद आहे. सोलापुरात मतदाराला आपण कुणाला मत देतोय हे पक्कं ठाऊक होतं. साताऱ्यात तीच शंका आहे. पहिलं मत मोडीत काढायचा अधिकार कुणालाच नाही. दुसऱ्याची दुरुस्ती चिन्हांच्या यादीत करायची असते, उमेदवारी महाग करून नव्हे.

आपण मात्र महाग केली. १९९६ ला बेळगावात सीमाप्रश्नासाठी मराठी माणसांनी अर्जांचा ढीग लावला, एकूण ४५६ उमेदवार. नलगोंड्यात फ्लोराईडच्या पाण्यानं गांजलेले शेतकरी उभे राहिले, तिथं ४८०. त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली. १९९६ चे १३,९५२ उमेदवार १९९८ ला ४,७५० वर आले. गर्दी हटली म्हणून टाळ्या पडल्या. पाण्याचं काय, ते कुणी विचारलं? पुढे ती रक्कम २५,००० झाली.

कॅनडात १९६३ साली जॅक फेरॉन या डॉक्टर-लेखकानं 'गेंडा पक्ष' काढला. गुरुत्वाकर्षणाचा नियम रद्द करू, हे त्यांचं आश्वासन! निव्वळ थट्टा. पुढे तिथं नियम आला : पन्नास उमेदवार उभे करा, नाहीतर नोंदणी नाही. गेंडे बाहेर पडले, आणि कम्युनिस्टांचीही नोंदणी गेली. कम्युनिस्टांचे नेते मिगेल फिगेरोआ कोर्टात गेले. २००३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अट उडवली. मताचा हक्क सरकार निवडण्यापुरता नाही, प्रत्येकाला सार्वजनिक चर्चेत अर्थपूर्ण भाग घेता यावा यासाठीही आहे, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे कुणाचं ऐकण्यासारखं आहे हे आधीच ठरवायला नको.

आपल्या मोहोळची विधानसभेची जागा राखीव, म्हणून अनामत निम्मी, पाच हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक लागतो, इतरांना दहा. आमचं म्हणणं, दहाचे दोनशे करा हवं तर, पण पैसे काढून टाका. दोनशे सह्यांसाठी दारोदार फिरावं लागतं, चार प्रश्न ऐकावे लागतात. पाच हजार रुपये खिशातून निघतात. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर झालाय, बोला.