नटसम्राट आणि लमाण

'नटसम्राट' म्हटलं की आपण कृतघ्न मुलांची गोष्ट सांगायला लागतो. हे मला खटकतं. मुलं वाईट वागतात, त्याबद्दल वाद नाही. पण अप्पा बेलवलकरांची अडचण त्याआधीच सुरू झालेली असते, रंगभूमीवरून निवृत्त होतात तेव्हा. पैसाअडका मुलांना वाटून टाकतात. कावेरी सावध करते, तिचं ऐकत नाहीत. मग घरात उरतं काय? सासरा, आजोबा. यातली एकही भूमिका या माणसाने कधी तालमीत घोळवलेली नाही. राग आला, भरून आलं की तो जुन्या नाटकांच्या भाषेत बोलतो आणि आपण टाळ्या वाजवतो. खरं तर तिथे पोटात गोळा यायला हवा. स्वतःचं दुःख सांगायलाही या माणसाला उसनी भाषा लागते!

आता ही भूमिका पहिल्यांदा कोणी केली बघा. डिसेंबर १९७०, डॉ. श्रीराम लागू. त्यांच्याबद्दलही आपली एक आवडती दंतकथा आहे, डॉक्टरकीवर लाथ मारून नट झाले म्हणे. लाथबिथ काही नाही हो. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस, काही काळ आफ्रिकेत टांझानियात. आणि पुण्यात असताना पीडीएमधून हौशी नाटकं. पूर्ण वेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे दोन कामं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदली, मग एक मागे पडलं. तेही पुरतं नाहीच. जाहिरातीत नावाआधीचं 'डॉ.' शेवटपर्यंत राहिलं.

मला हा विरोधाभास मोलाचा वाटतो. ज्याला नाटकापलीकडे ओळखच नाही अशा नटाची भूमिका अशा माणसाने केली, ज्याच्याजवळ दुसरी ओळख शाबूत होती. लागूंचा बेलवलकर कीव मागत नाही, तो स्वतःकडे जरा लांबून बघतो, याचं मूळ मी इथे शोधतो. आत्मचरित्राला त्यांनी नाव काय दिलं? 'लमाण'. शब्द याच नाटकातला. लमाण म्हणजे बैलांवर माल लादून गावोगाव पोचवणारा. माल त्याचा नसतो, वाट त्याची असते. सम्राटाची भूमिका गाजवलेला नट स्वतःला हमालाच्या रांगेत बसवतो, ही नुसती नम्रता नव्हे. भूमिका म्हणजे मी नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या या मांडणीला अडवणारी एक व्यक्ती नाटकातच आहे. कावेरी. अप्पा तिला 'सरकार' म्हणतात. ते नातं कुठल्या नाटकातून आलेलं नाही, ते त्यांनी स्वतः निभावलंय. ती जाते, आणि त्यानंतर बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या आधाराने फुटपाथवर राहणाऱ्या अप्पांना पोटची मुलगी न्यायला येते. ते तिच्याबरोबर जात नाहीत.