अमाना : एका चुलीचा इतिहास

परक्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या लेखनात दोन दोष सहज शिरतात. एक फाजील कुतूहलाचा, दुसरा निष्कर्षाच्या घाईचा. अमेरिकेच्या आयोवा संस्थानात जर्मन देशांतरितांनी वसविलेल्या अमाना या सात खेड्यांविषयीचे लेखनही त्यातून सुटलेले नाही. चार्ल्स नॉर्डहॉफ याने १८७५ साली आपल्या ग्रंथाच्या नावातच 'साम्यवादी' हे विशेषण घातले, आणि पुढे पुष्कळांनी हा समाज साम्यवादाचा एक प्रयोग म्हणूनच जोखला. बर्था शॅम्बॉ या लेखिकेचे १९०८ व १९३२ सालचे दोन ग्रंथ या दृष्टीने आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. एकाच लेखणीने एका समाजाचे स्थैर्य व त्याचे रूपांतर ही दोन्ही टिपावीत, हा योग विरळा.

या पंथाचा उगम १७१४ साली जर्मनीत झाला. ईश्वर आजही निवडक माणसांच्या मुखाने बोलतो, ही त्याची मूळ श्रद्धा. शपथ व लष्करी चाकरी नाकारल्यामुळे त्यावर राजरोष ओढवला. ख्रिश्चन मेट्स या सुतारकाम करणाऱ्या पुढाऱ्यामागे सुमारे ८०० माणसे १८४३ पासून बफेलो शहराजवळ येऊन राहिली, व १८५५ पासून आयोवात जाऊ लागली. तेथे सुमारे २६,००० एकर जमीन, गिरण्या, दुकाने, सारे सामाईक होते. घरोघर चूल नव्हती. ५० हून अधिक सामुदायिक पाकगृहांत प्रत्येकी तीस-चाळीस माणसे जेवत, स्त्रिया व पुरुष निरनिराळ्या मेजांवर.

परंतु हा सामाईकपणा हे त्यांचे तत्त्वज्ञान नव्हते. गरीब व श्रीमंत यांस एकत्र राहून उपासना करता यावी, एवढ्यासाठी पत्करलेली ती सोय होती. १८८३ साली बार्बरा हाइनेमान ही अखेरची प्रेरित वक्ती वारली. त्यानंतर पाकगृहे आणखी ४९ वर्षे चालली. तरुणांची ओढ बाहेर, १९२३ च्या आगीत गिरण्यांची हानी, पुढे जागतिक मंदी. अखेर सभासदांनी स्वतः मत देऊन १ जून १९३२ रोजी मिळकत संयुक्त भांडवलाच्या कंपनीकडे सोपविली, आणि धर्मकारभार तिच्यापासून वेगळा ठेवला.

शॅम्बॉबाईंची सहानुभूती कोठे कोठे चिकित्सेवर मात करते, हे नाकारता येत नाही. पाकगृहांत पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रियांचे अंतरंग आम्हांस याहून जवळून पाहावयास हवे होते. तरीही या समाजाला त्याच्या श्रद्धेच्या बाजूने समजून घेण्याचा त्यांचा मार्गच योग्य होय.

आपल्याकडे वाटणीला 'चूल वेगळी होणे' म्हणतात, आणि ती घराची अखेर मानतात. अमानात चुली खरोखरच वेगळ्या झाल्या. उपासना मात्र आजही एकत्र होते. तेव्हा येथे साम्यवाद हरला, असे म्हणणाऱ्यांनी मोजमापच चुकीचे घेतले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.