पुढें धाडलेलें वाङ्मय

मराठींत आज घरोघर नित्य वाचलें जाणारें गद्य कोणतें, असें कोणी विचारिल्यास आमचें उत्तर कादंबरी असें नाहीं आणि अग्रलेख असेंही नाहीं. पहांटे चहाचें आधण ठेवण्यापूर्वीं व्हॉट्सॲपवर जें येऊन पडलेलें असतें, तें हें गद्य. आईच्या आठवणीची एखादी कथा, गुडघेदुखीवरील काढा, निवृत्त शिक्षकाचा एक प्रसंग, आणि पु. ल. देशपांडे यांच्या नांवावर मैत्रीविषयींच्या चार ओळी. आमच्या टीकाकारांनीं याची दखल घेणें कमीपणाचें मानिलें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यावर घरांतील मुलांची भाषा पोसली जाते, त्याची चिकित्सा टीकेनें करावयाची नाहीं तर कोणीं करावयाची?

तें सारेंच टाकाऊ आहे असेंही नव्हे. बसथांब्यावर उभ्याउभ्या वाचून संपेल इतक्या जागेंत एखादा सासरा, एखादी मोलकरीण जिवंत उभी करणारे लेखक त्यांत आहेत. मासिकांतून येणाऱ्या कित्येक लघुकथांहून, संपादकांची क्षमा मागून सांगतों, त्यांचें काम सफाईचें असतें. शुद्धलेखनाचा बाऊ आम्ही करीत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो नांवाविषयींचा. मजकूर चांगला असला कीं लेखकाचें नांव वाटेंत गळतें. सामान्य असला कीं त्यास पु. ल., व. पु. काळे किंवा कुसुमाग्रज यांचें नांव येऊन चिकटतें. पहिल्यांत जिवंत लेखक नागविला जातो, दुसऱ्यांत दिवंगताची विटंबना होते.

हें आम्ही तटस्थपणें लिहीत आहों असें वाचकांनीं समजूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनींच, आमच्या महाविद्यालयांत आम्हांस भाषण करावयाचें होतें. आदल्या रात्रीं आलेली एक कविता त्यांची म्हणून आम्हीं मोठ्या आवेशानें म्हणून दाखविली, टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले व नम्रपणें म्हणाले, "सर, ही कोणत्या संग्रहांतली?" घरीं येऊन 'विशाखा'पासून कपाटांतील एकूणएक संग्रह आम्हीं चाळले. ती कोठेंच नव्हती. पंचवीस वर्षें कविता शिकविणाऱ्यानें ओळींचा बाज कानानेंच ओळखावयास हवा होता. पण नांव आधीं दिसलें, आणि मग कानानें काम सोडलें.

यावर कोणी म्हणेल, आपल्या जुन्या काव्यांत तरी दुसरें काय होतें? तुकोबांच्या मुद्रेखालीं इतरांचे अभंग शिरलेच ना? शिरले खरे, परंतु निवडणारेही निघाले. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि पुढें त्यांत आपली ओवी घुसडणारास अमृताच्या ताटांत करवंटी मांडणारा ठरविलें. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखालीं विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं हस्तलिखितें ताडून तुकोबांची गाथा १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत काढिली. पोथीला लेखनिकाचा हात असतो, शाई असते, कागदाचें वय असतें. त्यावरून माग काढितां येतो. बोटाच्या एका दाबानें होणाऱ्या नकलेस यांतलें कांहींच नाहीं. हजारावी प्रत पहिलीइतकीच ताजी दिसते.

कवितेपुरतेंच हें राहतें तर आम्हीं कदाचित् लेखणी उचलली नसती. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी हिंडते अशा अफवेनें भडकलेल्या जमावानें भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजाच्या पांच जणांस ठार मारिलें. ही अफवा अशाच निनावी संदेशांतून पसरली होती. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें अशा मजकुरावर 'फॉरवर्डेड' ही खूण घालण्यास आरंभ केला आणि भारतांत तो एका वेळीं पांचच ठिकाणीं पाठवितां येईल असा निर्बंध घातला. खूण सांगते कीं हें पाठविणाऱ्याचें नव्हे. मग कोणाचें, हें ती सांगत नाहीं.

मूळ लेखक हुडकून देण्याची सोय ठेवा, असें सरकारचे २०२१ चे नियम म्हणतात. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. २०१६ पासून तिच्या संदेशांस असें कुलूप आहे कीं तें वाहणाऱ्यासही उघडतां येत नाहीं, आणि मूळ शोधावयाचें तर तें कुलूप मोडावें लागेल, हें तिचें म्हणणें. येथें आमचें मन कंपनीच्या बाजूस झुकतें, हें लिहितांना थोडा संकोच वाटतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. एका खोडसाळाच्या शोधासाठीं प्रत्येक मुलीचें आईस लिहिलेलें पत्र उघडण्याजोगें करून ठेवावें, हें आम्हांस मान्य होत नाहीं. पाकीट बंदच असावें. पण त्यांत आपण घालतों तो कागद कोणाचा, हें घालणारानें आधीं विचारावें. त्याकरितां कोणतेंही कुलूप मोडावें लागत नाहीं.

वर्गांत आम्ही आतां एक पाठ देतों: आलेली एक कविता घ्या, ग्रंथालयांत जा, मूळ शोधा. बहुतेक मुलें रिक्त हस्तें परततात, पण चार संग्रह उघडून परततात. घरीं मात्र आमचें चालत नाहीं. थोरल्या भगिनींस विचारलें, "ताई, हें कोणाचं?" त्या म्हणाल्या, "अरे, ग्रुपवर आलं."

गेल्या फेब्रुवारींत ती भाषणांतली कविता पुन्हां आमच्याकडे आली. कुसुमाग्रजांचें नांव होतेंच. त्याखालीं एक नवी ओळ होती, कीं आमच्या महाविद्यालयांतील एका प्राध्यापकांनीं ती भर सभेंत म्हणून दाखविली आहे.